पहिली ओळ आधी वाचा

नाना गेल्याचं कळलं तेव्हा माझे हात कणकेत होते. फोन त्यांच्या मुलाचा, श्रीकांतदादांचा. "शोभाताई, पहाटे गेले... झोपेतच." मी म्हटलं, "बरं." माणूस गेल्यावर कुणी 'बरं' म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. आणि सांगायला लाज वाटते, मनात पहिला विचार आला तो असा, की आता एरर आला तर विचारायचं कुणाला?

मी जालन्याकडची, आठवीत शाळा सुटलेली. सात वर्षांपूर्वी यात्रेकरूंच्या निवासात स्वयंपाकाला म्हणून काशीत आले. नाना तिथल्याच राजा घाटाच्या वरच्या गल्लीतले, तीर्थोपाध्यायांच्या घरातले. काशीला आलेल्या मराठी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्यांत आपलं गाव, कूळ, सही लिहून ठेवली, त्या वह्यांनी त्यांची माडी भरलेली. नानांनी नोकरी केली ती मात्र कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, आणि निवृत्त झाल्यावर या वह्यांतली नावं शोधायचा प्रोग्राम स्वतः लिहिला. डोळे अधू झाले तेव्हा वाचून टाइप करायला मला बसवलं. "मला कॉम्प्युटर येत नाही," म्हटलं, तर म्हणाले, "नावं वाचता येतात ना? बास है. बाकीचं हो जाएगा."

बाकीचं काही सहज झालं नाही. नाना प्रोग्राममध्ये रोज काहीतरी बदलत, आणि बदललं की तो नव्याने बांधावा लागे. लिहिलेलं सगळं कंपायलर नावाच्या यंत्रणेपुढे टाकायचं, तिने ते मशीनला कळेल असं करून द्यायचं. ती कुठे अडली की एररच्या ओळींवर ओळी पडद्यावर ओतायची, तांबड्या अक्षरांत, इंग्रजीत. मी म्हणायची, "बाजारात तयार मिळतात की प्रोग्राम, नाना!" त्यावर म्हणायचे, "तुम्ही गहू निवडून दळता की नाही? तयार पिठात अळी निघाली, तर कुठून आली ते सांगाल?"

त्यांचा एकच नियम. एरर आला की कशालाही हात लावायचा नाही. आधी पहिली ओळ पाहायची आणि ती वहीत हाताने उतरवायची. डावीकडे चूक, उजवीकडे उपाय. माझी नजर नेमकी तळाला जायची, कारण पडदा थांबायचा तिथेच. "अहो शोभाबाई, भांडणात शेवटची शिवी ऐकून निवाडा करता काय? सुरू कुणी केलं ते बघा!" मला राग यायचा. दोनशे ओळींतली एक उतरवून काय होणार? एकदा चिडून सगळ्याच उतरवून काढल्या, पाच पानं. नानांनी वही हातात घेतली, पाचही पानं सावकाश चाळली आणि म्हणाले, "अक्षर सुधरलंय हो तुमचं." मग दोघंही हसलो... पण आठवी सुटलेल्या बाईला त्यांनी कधी 'तुला नाही कळायचं' म्हटलं नाही. मला असं न म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ते गेले आणि दहाव्या दिवशी माकडांनी गच्चीवरची तार ओढली. लाइट गेली-आली, त्यात जुना कॉम्प्युटर जळाला. माझ्याकडे पेनड्राइव्हवर सगळं होतं. तेराव्यानंतर श्रीकांतदादांनी नवं मशीन आणलं. नानांचा प्रोग्राम चालला तरच ती नावं उघडणार, आणि तो बांधायचा मी. दुकानवाला म्हणाला, "अरे दीदी, ये पुराना माल फेंकिए, नया डलवा लीजिए." श्रीकांतदादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "रविवारपर्यंत बघा, ताई. नाहीतर मग... बंदच करू हे." बंद म्हणजे सहा वर्षं टाइप केलेली नावंही बंद, आणि मीही.

तीन दिवस नुसते एरर. ही फाइल नाही, ती फाइल नाही. समोर दिसतायत फाइली, तरी नाही! मी खालून वर, वरून खाली शोधत होते. इकडचं तिकडे केलं, पुन्हा केलं, रडले. नानांवरही चिडले. एवढं शिकवलंत, तर हेही सांगून जायचं होतं! पहिली ओळ मात्र मी वाचतच नव्हते. कारण तिच्यात त्यांचं नाव होतं. 'नाना' असं काही सापडत नाही, असं ते मशीन मला दर वेळी सांगत होतं आणि मी झटकन खाली सरकत होते.

शनिवारी दुपारी हात टेकले आणि वही उघडली. डावीकडे ती ओळ उतरवायला घेतली. 'नाना' लिहिलं आणि पेन थांबलं. त्यांच्या सगळ्या फाइली ज्यात होत्या, त्या फोल्डरचं नाव तर मी 'कै. नाना' ठेवलं होतं. जुन्या मशीनवर ते नुसतं 'नाना' होतं. पण तेराव्याला फोटोखाली 'कै.' लागलं, पत्रिकेवर लागलं, तर मीच कशी नुसतं नाव लिहू? म्हणून नव्या मशीनवर उतरवताना मानाने तेवढं जोडलं होतं. मग या ओळीतलं 'कै.' गेलं कुठे? मधल्या मोकळ्या जागेवर मशीनने नाव तोडलं होतं. 'कै.' एक, 'नाना' दुसरे. आणि त्या दुसऱ्यांना एकट्यांनाच ते शोधत हिंडत होतं.

फोल्डरचं नाव बदललं, प्रोग्राम पुन्हा बांधला आणि तांबडी अक्षरं थांबली. परभणीच्या एका घराण्याचं नाव टाकून पाहिलं, चार पिढ्या सरसर उघडल्या. श्रीकांतदादा जिन्यातून वर आले, पडद्याकडे पाहिलं आणि नानांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. जाताना म्हणाले, "पुढची वही सोमवारी काढून ठेवतो."

भिंतीवरच्या फोटोखाली आजही 'कै.' आहे. वहीत मात्र डावीकडे ती ओळ तशीच आहे, आणि नियम म्हणून उजवीकडे उपायही लिहिलाय: 'कै. काढले.'