लाल पट्ट्याची रुंदी

श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात माझा एक मित्र आहे. होड्या रंगवणं हे त्याचं काम, आणि अवकाशयानाची एक जुनी मालिका हे आम्हा दोघांचं वेड. दर रविवारी मी त्याच्याकडे जायचो आणि आम्ही लॅपटॉपवर एकेक भाग थांबवून चुका शोधायचो. यानाला बाहेरून खिडक्यांच्या चार रांगा, आत लिफ्ट मात्र नवव्या मजल्यावर जायची. मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे शेवटचा शब्द माझाच, असं मी धरून चालायचो.

त्या रविवारी वाद पेटला तो यानावरच्या लाल पट्ट्यावरून. स्फोटाआधी पट्टा अरुंद, नंतर तरंगणाऱ्या तुकड्यावर तोच रुंद. मित्राचं म्हणणं, फुटलं ते दुसरंच यान, आपली माणसं जिवंत आहेत.

तो असं का म्हणतो ते मला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. किनाऱ्याला फक्त एक फळी लागली. होडीवरचा लाल पट्टा मित्राने स्वतः तीन बोटं रुंद रंगवलेला, फळीवरचा चार बोटं भरला. म्हणजे फळी आपली नव्हेच, असं त्याने घरात ठणकावून सांगितलं. त्या एका बोटाच्या फरकावर भावजय अजून कुंकू लावत होती.

तरी मी बोललो. हार मला सोसत नाही.

“अरे, रंगाचा दुसरा हात मारला की पट्टा रुंद होतोच. यानाचा काय नि तुझ्या भावाच्या होडीचा काय! तू रंगारी, तुला हे मी सांगायचं?”

त्याने लॅपटॉप मिटला. खोटं कशाला बोलू, मला जिंकल्याचा आनंद झाला. मग दारात चहा घेऊन उभी असलेली भावजय दिसली.

“सरांचं खरं हाय, भावजी,” ती म्हणाली. “त्या साली नारळी पुनवेआधी तुमी मुंबईला व्हतात. दुसरा हात मीच मारला.”

“मग तीन वर्सं बोलली का न्हाईस?”

“तुमी रोज सांगायचात, ती फळी आपली न्हाय. ऐकून बरं वाटायचं.”

तिने कप माझ्यापुढे ठेवला. “तुमाला आता बरं वाटलं, सर?”

मी चहा प्यायलो. लाज नाही म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. दार तिनेच उघडलं. कपाळ मोकळं होतं.