फ्लॅटमधल्या गोमी

माझ्या मायनं जन्मभर जैनथकडे लोकांच्या वावरात कापूस वेचला, निंदण केलं. मी शिकले, मास्तरीण झाले, आदिलाबादेत तळमजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात विचारायला कोणी नव्हतं. मायला म्हटलं, आता माझ्याजवळच राहायचं, कायमचं. गावी भाऊ, त्याची लेकरं. तिचा पाय निघत नव्हता. "एक पावसाळा राहून पाह्यते," एवढंच ती बोलली. त्या एका पावसाळ्यात तिचं मन इथं लागलं पाहिजे, याच एका गोष्टीसाठी माझी सारी धडपड होती.

ती आली आणि महिनाभरात घरात गोमी दिसायला लागल्या. वावरातल्या जाड, काळ्या नव्हेत. या बारीक, पिवळसर, केसासारख्या लांब पायांच्या, भिंतीवरून सर्रकन पळणाऱ्या. मला भारी किळस. मी झाडू घेऊन धावायची, तोवर ती कपाटामागे गडप. माय मात्र मजेत बघत बसायची. "काऊन मारतं वो तिले? झुरळं खाते ते. कोनाले चावली का आजवर?"

मी तिथं पाच वर्षं एकटी राहत होते आणि एकही गोम दिसली नव्हती. मग माझ्या डोक्यानं सरळ हिशोब मांडला. मायला फ्रिजचं पाणी सोसत नसे, म्हणून भावानं माठ पाठवला होता आणि सोबत पोतंभर पैनगंगेची रेती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घमेलं, घमेल्यात रेती, रेतीवर माठ. माठ पाझरायचा, रेती ओली राहायची. त्या ओलीत मायनं धने टाकले होते आणि हातभर जागेत हिरवागार सांबार, म्हणजे कोथिंबीर, उगवला होता. रोज वरणावर चार काड्या चिरून टाकताना तिला कोण आनंद व्हायचा.

एका रविवारी सकाळी सिंकच्या खाली दोन गोमी दिसल्या आणि माझं टाळकं सरकलं. माठ उचलून गॅलरीत ठेवला आणि घमेलं सांबारासकट इमारतीच्या मागं नेऊन पालथं केलं. रेती उकरून पाहिलीसुद्धा नाही. घरात येऊन म्हणाले, "गावाहून ही घाण तूच आणली."

माझ्या रागीट तोंडानं आजवर बरंच काही बिघडवलं आहे, पण या एका वाक्याइतकं काहीच नाही.

मायनं माठाच्या जागेची ओल पुसून घेतली. मग म्हणाली, "असंल बाप्पा. रेतीतूनच आल्या असतील."

गोमी काही थांबल्या नाहीत. मग मी दुसरी अक्कल चालवली. आमच्याकडे किडा म्हटला की हात कपाशीच्या औषधाकडेच जातो; लहानपणी ढेकणांवरही तेच मारलेलं मी पाहिलंय. शाळेत पोरांना विज्ञान शिकवणारी मी, भावाकडून उरलेली बाटली मागवली, बादलीत दोन झाकणं टाकली आणि भिंतीच्या कडेकडेनं सगळं घर पुसलं. औषध चांगलं मुरावं म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि शाळेत गेले. माय चटईवर, खालीच झोपायची, हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे?

दुपारी परत आले तर ती ओकून ओकून पडली होती, डोळे लाल, धाप लागलेली. दोन दिवस दवाखान्यात सलाईन. डॉक्टर मला नाही नाही ते बोलले, आणि बरोबरच बोलले. भाऊ आला, तिला गावी घेऊन गेला. घर साफ झालं की आणू परत, असं मी मनाला समजावलं. अडवलं नाही तिला.

पुढं पंधरा दिवसांनी नळ गळतो म्हणून प्लंबरला बोलावलं. त्यानं नहाणीची जाळी उचलली. खालचा पाइप फुटलेला, आणि ओल्या मातीत गोमीच गोमी. शेजारच्या प्लॉटवर त्याच उन्हाळ्यात पाया खोदला होता, तेव्हाच तो फुटला असणार. "मॅडम, सब इधर से आ रहे," तो म्हणाला. तासाभराचं काम. त्यानंतर आजतागायत एकही गोम दिसली नाही.

मी मायला फोन लावला. "गोमी बंद झाल्या वो माय. ये आता."

"पाह्य," ती म्हणाली, "मी गेली अन् त्या बी गेल्या. माह्याच सामानासंग आल्या होत्या त्या."

मला तिथंच सांगायचं होतं की पाइप फुटला होता, तुझा काही दोष नव्हता. पण ते सांगायचं तर रेतीचं, त्या वाक्याचं, औषधाचं, सगळंच कबूल करावं लागलं असतं. मी "हं" म्हटलं. नंतर रोज ठरवलं की उद्या सांगू.

मागच्या महिन्यात डोळे तपासायला ती शहरात आली. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर माय चपला काढून जिन्याजवळ उभी. पदर झटकला, निऱ्या झटकल्या, वाकून वाकून काठ पाहिला.

"हे काय करून राह्यली माय?"

"काई नाई. माह्यासंग काई येऊ नये तुह्या घरात."

मी तिला हाताला धरून आत घेतलं, चहा दिला. सांगितलं तेव्हाही नाही. चार वाजता ती उठली, आणि मी तिला गावच्या बसमध्ये बसवून आले.