मायाक्काचं दुकान उघडं आहे

सात रस्ता चौकाच्या मागच्या बोळात बिरुदेव यांचं घोंगड्यांचं दुकान आहे. आमची पतसंस्था समोरच असल्यामुळे मी त्यांना रोज पाहतो. आधी हे दुकान मुख्य रस्त्यावर होतं. मालकाने ती इमारत पाडायला काढली म्हणून बिरुदेव बोळात आले, आणि दोनच महिन्यांत त्यांची बायको मायाक्का वारली. दहाव्यापर्यंत माणसं येत-जात होती. पुढे बोळात कोणी फिरकेना.

पावसाळा सरताना सांगोल्याहून भाचा धुळा आला.

"मामा, हितं माश्या मारत बसन्यापरीस मेंढरामागं चला की. दिवाळीपतुर बघा, मग मी टेम्पो घिऊनच येतो."

तो गेल्यावर बिरुदेव मला म्हणाले, "सर, चोवीस वर्सं ह्या धंद्यात तिच्यासंगं बसलो. टेम्पोत काय काय घालू?"

मी वाणिज्य शाखेचा माणूस. गिऱ्हाईक का येत नाही, हे आधी पाहावं म्हणून मोबाईलवर घोंगडी शोधली. नकाशावर दुकान होतं, पण जुन्या जागी, 'मायाक्का घोंगडी' या नावाने. खाली लाल अक्षरांत 'कायमचे बंद'. खाली ओढलेलं शटर पाहून कुणीतरी तसं कळवलं असणार. सोबत एका गिऱ्हाइकाने टाकलेला फोटो होता. मायाक्का एका मुलीच्या खांद्यावर घोंगडी टाकते आहे.

बिरुदेवांनी फोन दोन्ही हातांनी धरला. "ह्यो कुनी काडला?" त्यांच्याकडे तिचा दुकानातला एकही फोटो नव्हता.

नवी नोंद करणं सोपं होतं, पण मग तो फोटो आणि लोकांनी लिहिलेले चार चांगले शब्द तिकडेच राहिले असते. म्हणून जुनीच नोंद बिरुदेवांच्या नावाने ताब्यात घ्यायचं ठरवलं. बोळाच्या तोंडापासून पाटीपर्यंतचा व्हिडिओ काढून नकाशा चालवणाऱ्या कंपनीला पाठवला. आठवड्याने मान्यता आली, तसं 'कायमचे बंद' काढलं, जागेची खूण बोळात आणली, फोन नंबर घातला. घोंगड्या घडी करून रचलेल्या होत्या. घडीत काठ दिसत नाही, म्हणून सकाळच्या उन्हात पसरायला लावून फोटो घेतले. पैसा एकही लागला नाही. वेळ लिहिली, सकाळी नऊ ते रात्री आठ.

ती माझी चूक. दुपारी तीनला पाहिलं तर डबा तसाच समोर.

"जेवला नाहीत?"

"उगडं हाय म्हनून तुमीच लिवलंय न्हवं? घास तोंडात आन् गिऱ्हाईक दारात, बरं दिसंल का? आदी ती गल्ल्यावर बसायची, तवर मी जेवायचो."

मग दीड ते अडीच बंद असं लिहिलं.

दसऱ्यानंतर लोक येऊ लागले. फोन हातात धरून बोळात शिरायचे आणि पहिलं विचारायचे, "फोटोतल्या बाई कुठं आहेत?" बाईमाणसाच्या खांद्यावर घोंगडी टाकून दाखवायचं काम मायाक्काचं. बिरुदेव नुसती हातात द्यायचे आणि म्हणायचे, "वारली." गिऱ्हाईक घाईत उरकायचं. दोघं-तिघं तर काही न घेताच परतले. हे मला व्यवहाराच्या दृष्टीनेही बरं वाटेना.

"फोटो काढून टाकू का?" मी विचारलं. "रोज तेच सांगावं लागतं तुम्हाला."

"न्हाय." त्यांनी घोंगडीचा काठ सारखा केला. "दहाव्यानंतर तिचं नाव कुनी घेतलं न्हाय सर. धुळ्यानं बी न्हाय. आता निदान इचारत्यात की."

फोटो राहिला.

दिवाळीच्या चार दिवस आधी धुळा टेम्पो घेऊन आला. दुकानात पुण्याची एक बाई उभी होती.

"त्या बाई नाहीत का?"

"न्हाईत. वारल्या. पन कशी टाकून बगायची ते मला ठावं हाय."

बिरुदेवांनी घोंगडी उलगडली, दोन्ही टोकं धरून हात लांबवले, आणि तोंड फिरवून उभे राहिले. बाईने पाठ करून ती खांद्यांवर घेतली.

"जड आहे हो."

"चिंचोक्याची खळ हाय. वापरली की मऊ पडती. ती असंच सांगायची."

धुळा दारातून म्हणाला, "मामा, भरायचं का?"

"दिसत न्हाय व्हय रं? गिऱ्हाईक हाय."

बाई दोन घोंगड्या घेऊन गेली. धुळ्याने थोडा वेळ वाट पाहिली, मग रिकामा टेम्पो घेऊन तोही गेला. दीड वाजला तसं बिरुदेवांनी दार पुढं ओढलं आणि डबा उघडला. गल्ल्यावरची तिची जागा मोकळी होती. ते नेहमीच्या कोपऱ्यातच बसले.