काळ्या पडद्यामागची मेंढरं

त्रिंबकभाऊ शटर वर करण्याआधी त्यावर थाप मारायचे, आतल्या पाली सरकाव्यात म्हणून. चहा अर्धाच प्यायचे. दुसऱ्याच्या चित्रासमोर चप्पल काढायचे. भिंतीतला खिळा उपटला की त्या भोकावर अंगठा दाबून क्षणभर उभे राहायचे. नाटक चालू असताना कधी बसायचे नाहीत.

जुन्या जालन्यातलं सरकीचं रिकामं गोदाम त्यांनी आणि नाटकवाल्या सोमेश्वरने मिळून भाड्याने घेतलं होतं. नाव ठेवलं ‘पडवी’. कलाकारांनी कलाकारांसाठी चालवायची जागा. ज्याचं प्रदर्शन त्याने भिंत रंगवायची, ज्याचा प्रयोग त्याने झाडायचं, असं ठरलं होतं. पुढे सोमेश्वर मालिकांच्या कामासाठी पुण्याला गेला. बाकीचे व्हॉट्सअॅप ग्रुपवर राहिले. झाडू भाऊंकडे राहिला.

दिवसा ते एका बियाणे कंपनीत पाकिटांवरची चित्रं करायचे. “बोंड अजून फुगवा,” असं साहेब म्हणायचे. ते फुगवायचे.

त्यांची स्वतःची चित्रं घरी दिवाणाखाली होती. सगळी मेंढरांची. केदारखेड्याला लहानपणी बापासोबत, आबांसोबत, कळपामागे चालताना दिसायची तशी. पाठी, धूळ, वाट. पडवीत ती लावायची तारीख दर वर्षी ठरायची, आणि दर वर्षी दुसरं कुणीतरी अडलेलं यायचं.

“साऱ्या जालन्याचे चित्रं टांगले तुम्ही,” बायको रेणुका म्हणाली. “आपली मेंढरं कधी बाहेर काढता? मला झाडायला जागा न्हाई राह्यली.”

“या ऐतवारी. बिलकुल.”

शनिवारी त्यांनी लांब भिंतीवर सगळी चित्रं लावली. शेवटच्या चित्राची दोरी सरळ करत होते, तेवढ्यात कुंभार पिंपळगावच्या हरिओमचा फोन आला. त्याच्या नाटकाला गावातला हॉल ऐनवेळी नाकारला होता.

“भाऊ, उद्या दुपारचा टाइम द्या. मागं काळा पडदा लागतो, बाकी काही न्हाई.”

“पुढच्या ऐतवारी ठेव ना.”

“कापसाची वेचणी सुरू होऊन राह्यली, भाऊ. मंग नाटकातल्या पोरींना घरचे सोडत न्हाईत. तुम्हीच सांगा, कुठं जाऊ?”

भाऊ भिंतीकडे बघत राहिले.

“या,” म्हणाले.

चित्रं उतरवून पुन्हा लावण्याइतकं बळ अंगात नव्हतं. त्यांनी काळा पडदा वरच्या तारेला गाठी मारून चित्रांवरूनच सोडला.

दुसऱ्या दिवशी रेणुका ठेवणीतली साडी नेसून आली. सोबत केदारखेड्याच्याच, आता शेजारी राहणाऱ्या गोजरबाई होत्या. दोघी भिंतीसमोर थांबल्या.

“कुठंयत?”

“मागं आहेत.”

“मी साऱ्या गल्लीला सांगून आल्ते,” रेणुका म्हणाली. “आता काय दाखवू, पडदा?” आणि तोंड फिरवून खुर्चीत बसली.

नाटक चांगलं झालं. पोरींना टाळ्या मिळाल्या. मग गाडी पकडायची घाई झाली.

“भाऊ, खुर्च्या उचलायच्या राह्यल्या...” हरिओम दारातून म्हणाला.

“जा, जा. मी आहे ना.”

गोदाम रिकामं झालं, रेणुका आणि गोजरबाई तेवढ्या राहिल्या. भाऊ शिडीवर चढले. गाठी सोडू लागले. पडद्याचं एक टोक खाली आलं, तशी तीन चित्रं उघडी पडली. गोजरबाई पुढे झाल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“ही तर आपल्या नदीकडची वाट. आन् ही लंगडी कुणाची गं?”

“आबांची,” भाऊ शिडीवरून म्हणाले. “तिच्यामुळं सारा कळप हळू चालायचा.”

रेणुका तेव्हा उठून आली. लंगडीजवळ उभी राहिली.

“बाकीची पण दाखवा की,” गोजरबाई म्हणाल्या.

भाऊंनी पुढच्या गाठीला हात घातला. ती सुटेना. त्यांनी कपाळ तारेला टेकवलं.

“आज न्हाई होत. उद्या सोडतो.”

सोमवारी सकाळी कामावर निघताना ते दारातच कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पडवीचं भाडं या महिन्यापुरतं भरलेलं आहे. शिडी भिंतीला लागून आहे. तीन चित्रं उघडी आहेत. बाकीची पडद्याआड आहेत, आणि भाऊंनी मारलेल्या गाठी तारेवर तशाच आहेत.