नगरच्या किल्ल्यातला कैदी

एडिनबरातल्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले, तेव्हा आमच्या वॉर्डात दक्षिण आफ्रिकेतून आलेली एक नर्स होती. उंच, गोरी, कमी बोलणारी. घरी आफ्रिकान्स बोलत वाढलेली, त्यामुळे तीही इंग्लिश माझ्यासारखीच जपून बोलायची. दुपारी कँटीनमध्ये आम्ही एकत्र बसायचो. एकदा तिनं विचारलं, "इंडियात तू कुठली?"

एरवी मी 'पुण्याजवळची' म्हणून मोकळी व्हायचे. त्या दिवशी का कोण जाणे, खरं सांगितलं. "अहमदनगर."

तिनं काटा खाली ठेवला. "परत म्हण."

मी म्हटलं.

"माझी आजी रोज प्रार्थनेत हे नाव घ्यायची. मला वाटायचं, स्वर्गातलं एखादं गाव असेल."

मग तिनं सगळं सांगितलं. तिचे पूर्वज बोअर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथं वसलेले डच वंशाचे शेतकरी. त्यांचं स्वतःचं राज्य होतं. तिथल्या जमिनीखाली सोनं सापडलं आणि ते राज्य इंग्रजांच्या डोळ्यांत भरलं. लढाई पेटली. बोअर काही केल्या आटोक्यात येईनात, तेव्हा फौजेनं त्यांची घरं आणि उभी पिकं जाळली, बायकापोरांना तंबूंच्या छावण्यांत कोंडलं. आजीची दोन भावंडं तिथं गोवरानं गेली. वडील त्याआधीच पकडले गेले होते. त्यांना जहाजानं हिंदुस्थानात पाठवलं, अहमदनगरच्या किल्ल्यात. तिथंच ते तापानं वारले. आजीला त्यांचा चेहराही आठवत नव्हता.

त्या किल्ल्याच्या खंदकाच्या कडेनं मी सायकलवरून शाळेत जायचे. स्वातंत्र्यलढ्यातले पुढारी तिथं कैदेत होते, हे आम्हाला शिकवलं होतं. बोअरांचं नावही कुणी काढलं नव्हतं.

"फार सोसलं तुमच्या लोकांनी," मी म्हटलं.

तिनं ताट बाजूला सारलं. "हो. पण आमच्या शेतांवर राबणारी काळी माणसंही मेली, वेगळ्या छावण्यांत. त्यांची कुणी दखलही घेतली नाही. आणि पुढे राज्य आमच्या हाती आलं, तेव्हा आम्ही त्यांचे काय हाल केले ते तुला माहीत आहे. आजी प्रार्थना करायची, तेव्हा आमची मोलकरीण बाहेर पायरीवर बसलेली असायची. तिला आत बोलवावं, असं कुणाच्या मनातसुद्धा यायचं नाही."

रविवारी मी बाबांना फोन केला. ते रिटायर्ड शिक्षक, असली कामं त्यांना आवडायची. त्यांनी तिच्या पणजोबांचं नाव स्पेलिंगसकट उतरवून घेतलं आणि गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात जाऊन आले.

"अगं, दोनदा सगळं फिरलो," ते म्हणाले. "दगड फुटलेत, अक्षरं झिजलीत. नाव काही सापडलं नाही. मग एका बिननावाच्या कबरीवर शेवंतीची फुलं ठेवून आलो. चालेल ना तिला?"

मी तिला सांगितलं, तेव्हा ती चादर बदलत होती. तिनं चादरीचा कोपरा नीट खोचला. "तुझ्या बाबांना उन्हाचा त्रास नाही ना झाला?" असं विचारलं आणि तिथंच पलंगाच्या कडेला बसून रडायला लागली. आवाज न करता. शेजारच्या बेडवरच्या स्कॉटिश आजोबांनी विचारलं, "घरून वाईट बातमी आली का?"

"हो," ती म्हणाली. "माझे पणजोबा वारले."

पुढच्या सुट्टीत आम्ही दोघी मिळून नगरला जाणार होतो. पण तिची आई अंथरुणाला खिळली आणि ती नोकरी सोडून मायदेशी गेली. त्याच हिवाळ्यात बाबा अचानक गेले. त्यांचे दिवस झाल्यावर मी एकटीच कबरस्तानात गेले. कमरेएवढं गवत होतं. नाव नसलेल्या कबरी पुष्कळ होत्या. बाबांनी फुलं नेमकी कुठं ठेवली होती, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. मी फाटकाचा एक फोटो काढला आणि तिला पाठवून दिला.