शून्यावरचे भाऊजी

भाऊजींना वाजवता येत नव्हतं. आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मागाहून तुम्हीच म्हणाल की बोलला का नाहीत. तरी कैक वर्षं ते ऑर्केस्ट्रात मागच्या सिंथेसायझरवर होते, आणि नावाजलेले होते.

पुढचा सिंथेसायझर मास्तरांचा. मास्तर म्हणजे ऑर्केस्ट्राचे मालक, गायक, सगळं तेच. भाऊजी त्यांच्या धाकट्या बहिणीचे नवरे, म्हणून अख्ख्या ऑर्केस्ट्राचे भाऊजी. लग्न झाल्या झाल्या बहिणीने भावाच्या मागे टुमणं लावलं, यांना घे, यांच्या हाताला गोडी आहे. गोडी होती ती चहापुरती, पण मास्तर बहिणीच्या शब्दाबाहेर नव्हते.

पहिल्याच कार्यक्रमात भाऊजींनी असा काही भलताच सूर लावला की मास्तरांनी गाता गाता मागे वळून डोळे वटारले. भाऊजींनी हळूच आवाजाचं बटण शून्यावर नेलं आणि बोटं मात्र तशीच चालू ठेवली. गाणं संपल्यावर मास्तर म्हणाले, शाब्बास, आता कसं जमलं. झालं! बटण शून्यावर गेलं ते तिथेच राहिलं.

तुम्ही म्हणाल, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? अहो, ड्रमच्या दणदणाटात कोण कुणाचं ऐकतं? मास्तर तर स्वतःशिवाय कुणाचं ऐकायचेच नाहीत. माइकवाल्याला कळलं होतं, पण त्याला भाऊजी न चुकता चहा नेऊन देत, त्यामुळे तो मूग गिळून गप्प. उलट भाऊजींचं कौतुकच व्हायचं. मान काय डोलवायचे, डोळे काय मिटायचे! मागचा माणूस अगदी जीव ओतून वाजवतो, असं लोक म्हणत.

तक्रार होती ती एकट्या बायकोची. तिचं शिलाईचं दुकान होतं. ब्लाउजचं माप घेता घेता ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची, आमचे हे कलावंत आहेत हो. पण कार्यक्रमाला गेली की कान टवकारून बसायची आणि हिरमुसून परत यायची. एवढ्या गोंगाटात यांचं वाजवणं तिला काही वेगळं ओळखू यायचं नाही. आपल्यालाच गाण्यातलं कळत नाही, अशी तिने मनाची समजूत घातली होती. भाऊजींना याचंच वाईट वाटायचं. बाकी जगाला फसवण्याचं त्यांना काही नव्हतं.

मग मास्तरांनी स्वतःचं विरहगीत रेकॉर्ड करायचं ठरवलं. त्यांच्या सुनेने मागच्या खोलीत कॉम्प्युटर मांडला होता, आणि भाऊजींच्या बायकोने तिच्याकडे एकच मागणं केलं, मला यांचं एकट्याचं काढून दे. सून म्हणाली, देते की आत्या, प्रत्येकाचं वेगवेगळंच साठवायचं असतं. दोन रात्री विचार करून भाऊजींनी ठरवलं की बटण शून्यावरच ठेवायचं. काही उमटलं नाही की मशीनच्या नावाने खडे फोडायचे. काय बिघडलं!

नशीबही साथ देतंय असं वाटलं. साधी वायर लावली तर भाऊजींच्या सिंथेसायझरमधून भिंतीपलीकडच्या फ्रिजची घरघर तेवढी येत होती. राहू दे गं माझं, असं भाऊजी मोठ्या मनाने म्हणाले. सुनेने मात्र सिंथेसायझर फिरवून मागची बाजू पाहिली. तिथे एक बारीक झाकण होतं, ते आजवर कुणी उघडलं नव्हतं. आत लाल उजेड. ही ऑप्टिकल जागा, ती म्हणाली, यातून आवाज उजेडाने जातो, त्याला फ्रिज काय करणार? तिने एक सडपातळ केबल आणून इकडून कॉम्प्युटरपर्यंत जोडली. चाचणीपुरतं बटण तिने वर केलं आणि भाऊजींनी एक सूर दाबला. शुकशुकाट. त्यांचा चेहरा खुलला.

तेवढ्यात सुनेला केबलच्या टोकावरची प्लास्टिकची टोपी दिसली. ती काढली, पुन्हा लावली. आता सूर आला, पण तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी तडतड करत. सिंथेसायझरचं आतलं घड्याळ वेगळं, कॉम्प्युटरचं वेगळं, दोघांचा मेळ बसेना. तिने कॉम्प्युटरला सिंथेसायझरच्या मागे चालायला लावलं. "काका, आता हा तुमच्या तालावर चालणार," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी भाऊजींच्या तालावर चालायला तयार झालं होतं, आणि त्यांना घाम फुटला होता.

सगळ्यांची पाठ वळताच त्यांनी बटण शून्यावर नेलं. मास्तरांनी डोळे मिटून विरह सुरू केला. स्पीकरवर फक्त मास्तर. भाऊजींचा जीव भांड्यात पडला आणि बोटं नेहमीसारखी मोकळी सुटली. कोपऱ्यात हेडफोन लावून बसलेल्या सुनेचे खांदे गदगदत होते. पोरगी हळवी आहे, विरहाने भरून आलं असेल, असं भाऊजींना वाटलं.

गाणं संपलं. स्टुलावर बसलेली बायको लगेच म्हणाली, आता यांचं. भाऊजी खोकले, बहुतेक काही आलंच नसेल म्हणाले. सुनेने मान हलवली.

"काका, ते बटण स्पीकरपुरतं असतं. या केबलला ते लागू नाही."

आणि खोलीभर भाऊजी वाजले.

विरहाचा त्यात मागमूस नव्हता. इतकी वर्षं कुणी ऐकत नाही म्हटल्यावर भाऊजींनी गाणं वाजवणं कधीच सोडून दिलं होतं. वरच्या पट्ट्या तावातावाने, न थांबता काहीतरी विचारत होत्या. मध्येच त्या शिलाई मशीनसारख्या सरसर धावत, दोरा तुटल्यासारख्या थांबत, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. खालून दोनच सूर उत्तर देत, हं, हं. शेवटचा सूर अर्थातच वरचा. मास्तरांच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली.

बायको ऐकत राहिली. भाऊजी जमिनीकडे बघत होते.

"ही वरची मी ना?" तिने विचारलं.

भाऊजींनी मान डोलवली. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, पहिला सूर, मास्तरांची नजर, शून्य. तिचे डोळे भरून आले. गिऱ्हाइकांना इतकी वर्षं काय काय सांगितलं, तेच तिच्या डोळ्यांपुढे आलं असणार. मास्तर गरजले की हे सगळं आत्ताच्या आत्ता पुसून टाका.

"काही पुसायचं नाही," ती नाक ओढत म्हणाली. "दादा, मला पुन्हा ऐकू दे. आणि तुझं नको लावूस मध्ये."

पुढच्या कार्यक्रमाला ती दुकान बंद करून पहिल्या रांगेत येऊन बसली. भाऊजींनी बटणाला हात लावला. ते कसंबसं निम्म्यावर आणलं आणि दुसऱ्याच ओळीला चुकले. सगळ्यांना ऐकू जाईल असे चुकले. मास्तरांनी मागे वळून पाहिलं. तीच नजर.

भाऊजींचा हात बटणाकडे जाणार, एवढ्यात त्यांनी समोर पाहिलं. बायको बोट वर करून खुणावत होती, अजून वाढवा.

त्यांनी वाढवलं.