रेंजर साहेबांचा खराटा

रेंजर साहेबांच्या तेरवीला पंगत उठल्यावर लोक एकेक करून बोलायला उभे राहिले. ज्याची कुऱ्हाड साहेबांनी दोनदा जप्त केली होती, तो माणूस सगळ्यांत आधी रडला. कोणी सांगितलं, गावाजवळ बिबट्या फिरत होता तेव्हा साहेब आठवडाभर पोरांना शाळेपर्यंत सोडायला जायचे. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाया म्हणाल्या, साहेब आमच्यात बसून पानांचे पुडे बांधायचे, पण त्यांचा एक पुडा कधी धड बसला नाही; ते उठून गेले की आम्ही गुपचूप सोडून परत बांधायचो. सगळे हसले. मग कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "बाई, तुमीबी बोला ना. तुमच्या झाडाची तं साहेबानं लय सेवा केली." मी पाण्याचे ग्लास गोळा करायला लागले.

बोलणार काय? तो माणूस मला बापासारखा होता हे खरं. आणि बांबूच्या रोपवनाला लागलेली आग माझी होती, हे त्याला माहीत होतं की नव्हतं, ते मला अजून कळलेलं नाही, हेही तितकंच खरं.

मी मूळची फुलचूरची, शहराला लागून असलेल्या गावची. आमच्या घरात निम्मं बोलणं हिंदीत चालायचं आणि जंगल म्हणजे बसच्या खिडकीतून दिसणारी गोष्ट. लग्न होऊन या गावात आले तेव्हा कळलं की जंगलातल्या मोहाच्या झाडांची इथे घराघरांत वाटणी असते. कागदावर झाड सरकारचं, पण फुलं कोणी वेचायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. आमच्या घराचं झाड रोपवनाच्या कडेला होतं. फुलं गळायच्या आधी झाडाखालचा वाळका पाला जाळून टाकतात, नाहीतर पहाटे पडलेली फुलं पाल्यात दिसत नाहीत.

माझ्या पहिल्याच वर्षी सासूबाई तापाने पडल्या. मला म्हणाल्या, "सूनबाई, उद्या सकारीच जाजो अन् झाडाखालचा पाला जारून येजो." मी घरचं आवरून भर दुपारी गेले. पेटवायच्या आधी भोवती चार हात जागा झाडून मोकळी करायची असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इथे ती सांगायची गोष्टच नाही, तांदूळ निवडायला कोणी शिकवत नाही तसं. मी काडी लावली, बोडीकडून, म्हणजे गावतळ्याकडून, वारा आला आणि आग माझ्या पायाजवळून रोपवनात शिरली. मी पळाले. घरी येऊन सांगितलं, "जाळला पाला," आणि चूल पेटवून बसले.

संध्याकाळपर्यंत साहेबांनी चार वर्षं जपलेला बांबू गेला. आमच्या मोहाचीही एका अंगाची साल जळली. साहेबांचं नाव बढतीसाठी गेलं होतं, ते मागे पडलं. त्यांनी पंचनाम्यात आगीचं कारण अज्ञात असं लिहिलं. त्याच दिवशी टेकडीच्या पलीकडून त्यांची माणसं जाळरेषा काढत होती, म्हणजे पुढे वणवा पसरू नये म्हणून खातं स्वतःच एक पट्टी जाळून मोकळी करतं ती. मजूर मिळाले नाहीत म्हणून त्या वर्षी तिला उशीर झाला होता. दोन्हीकडून धूर होता. त्यामुळे कोणी कोणाला काही विचारलं नाही, आणि मी मूग गिळून बसले.

पुढच्या वर्षी मी सासूबाईंबरोबर झाडापाशी गेले, तर साहेब आधीच तिथे. हातात खराटा, डोक्याला रुमाल. पाला झाडून त्यांनी एका बाजूला लोटला होता. सासूबाई तर चाटच पडल्या. रेंजर आपल्या झाडाखाली खराटा मारतोय हे त्यांनी त्या दिवशी निदान दहा घरी सांगितलं असेल. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. ते रिटायर झाले, बोडीच्या काठी दोन खोल्या बांधून इथेच राहिले, बायको गेली, गुडघे गेले, पण फागुन लागला की साहेब खराटा घेऊन आमच्या झाडाखाली. गावात दुसऱ्या कोणाच्या झाडाला त्यांनी कधी खराटा लावला नाही.

माणसाला माहीत आहे, म्हणून दरवर्षी मला दाखवायला येतो, असंच मी धरून चालले होते. सरळ दोन शिव्या दिल्या असत्या तर रडून मोकळी तरी झाले असते. एकदा डोकं फिरलं आणि मी त्यांच्या हातातला खराटा ओढला. "साहेब, द्या इकडे. आमचं झाड आहे, आम्ही झाडू." त्यांनी तो शांतपणे परत घेतला. म्हणाले, "तू फुलं वेच, सूनबाई. हे माहं काम हाय." त्याच संध्याकाळी माझ्या लेकाच्या तापाला औषध आणायला ते सायकलने दुसऱ्या गावी गेले. अशा माणसावर रागावून तरी किती दिवस राहायचं?

तो लेक आता कॉलेजात आहे. मागच्या हिवाळ्यात साहेबांनी अंथरूण धरलं तेव्हा मी ठरवलं की आता सांगायचंच. दुपारी चहा घेऊन गेले. ते अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. मी म्हटलं, "साहेब, ती रोपवनाची आग..."

त्यांनी कप खाली ठेवला. "मले वाटलंच होतं, कधी ना कधी तू इचारशीन," ते म्हणाले. "माफ कर मले. जाळरेषा माह्या हातून सुटली. हवा पलटली अन् मी जेवाले बसलो होतो. तुमचं झाड जरलं, दोन साल फूल नाही आलं त्याले. अन् मी कागदावर लेहलं, कारण अज्ञात. माह्यासारखा खोटारडा कोनी नाही."

इतकी वर्षं मी ज्या खराट्याला भीत होते, तो हा माणूस स्वतःसाठी मारत होता.

"साहेब, आग मी लावली होती," मी म्हटलं. "भर दुपारी. न झाडता."

ते माझ्याकडे बघून हसले. "काऊन माहं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन राहिली? म्हातारा मरून राहिला म्हनून?"

मी लेकाची शपथ घेतली. ते म्हणाले, "चहा थंडा होऊन राहिला, पी." आणि विषय संपला. महिनाभरात ते गेले.

तेव्हापासून माझं डोकं जाग्यावर नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की सगळं ठाऊक असून त्यांनी मला मोकळं केलं? त्या आजारपणात भ्रम होऊन ते कधी कधी मला आपली मुलगी समजून बोलायचे. मग हेही त्यातलंच? त्यांच्याबरोबर जाळरेषेवर असलेल्या जुन्या वनमजुराला मी विचारलं. तो म्हणाला, "दोनी आगी बोडीपाशी मिरल्या. मंग कोनती कोनाची?" मला एकदम रडू आलं. माझी आग तरी नक्की माझी होती, एवढा एकच आधार होता, तोही गेला.

यंदा फागुनात त्यांच्या मुलीने तो खराटा मला आणून दिला. मी एकटीच झाडाखाली गेले. झाडत झाडत बाहेर आले तेव्हा दिसलं की साहेबांनी झाडलेली जागा फांद्यांच्या पुष्कळ बाहेरपर्यंत जायची. वर्षानुवर्षांच्या खराट्याने तिथली माती दबून गेली होती. तिथे एक फूल पडत नाही. म्हणजे ती फुलांसाठी नव्हतीच. ते आमच्या झाडाभोवती जाळरेषा काढत होते. माझी आग बाहेर जाऊ नये म्हणून, की त्यांची आत येऊ नये म्हणून, हे मातीकडे पाहून सांगता येत नाही. पट्टी दोन्हीला तेवढीच लागते.

तेवढ्यात नवा नाकेदार मोटरसायकलवरून आला. वनरक्षक म्हणून नुकताच रुजू झालेला, चांगला मुलगा आहे. म्हणाला, "काकू, कायले एवढी मेहनत करून राहिल्या? बाकीचे तं जारून मोकळे होतात."

मी त्याला सांगून टाकलं. म्हटलं, "हे रोपवन जळालं होतं ना, ती आग मी लावली होती."

त्याने वळून बांबूकडे पाहिलं. बांबू चार-पाच माणसं उंच वाढलाय आणि आत ऊनसुद्धा शिरत नाही.

"इथं कधी आग लागली होती, काकू?" त्याने विचारलं.

मी खराटा उचलला आणि उरलेली पट्टी झाडायला घेतली.